पाणी तापल्याची खबर

गिझर भिंतीवर ठोकायचं काम फिटरचं आणि तो मोबाइलवर आणून द्यायचं काम माझं. सांगलीत बाथरूमचं सामान विकणाऱ्या एका दुकानात मी हे काम करते. नळ, शॉवर, कमोड पूर्वीपासून होतेच. गेल्या काही वर्षांत वाय-फायवाले गिझर आले. माणूस घरी पोचायच्या आधी मोबाइलवर बटण दाबतो आणि घरी पाणी तापायला लागतं. काही घरांत बाथरूममध्ये वजनकाटाही बसवतात. त्यावर उभं राहिलं की वजन आपोआप मोबाइलवर जातं आणि तिथं कायमचं राहतं.

मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर. बी.एस्सी. कॉम्प्युटर. प्रमाणपत्र फ्रेम करून बाहेरच्या खोलीत लावलंय आणि आल्यागेल्याला दाखवते. त्यात लाज कसली? जत तालुक्यातल्या वस्तीवर मी टँकरमागं घागर घेऊन पळालेली आहे. वडील मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर. आमच्याकडे अंघोळ तांब्यांच्या हिशेबात व्हायची. त्या घरातली मुलगी लोकांच्या बंगल्यात जाऊन त्यांच्या गरम पाण्याला इंटरनेट जोडून देते, याचा मला लय अभिमान होता. मालक चेष्टेनं विचारायचे, "काय ग्रॅज्युएट, आज किती घरं?" मी ऐटीत आकडा सांगायचे.

माझी एक पद्धत होती. कंपनीच्या पुस्तकात लिहिलं होतं की प्रत्येक गिऱ्हाइकाचं स्वतःचं खातं काढा, त्याच्या मोबाइलवर ओटीपी मागवा, पासवर्ड त्यालाच ठरवू द्या. यात पाऊण तास जायचा. म्हाताऱ्या माणसांना ईमेल नसतो, सुनेचा मोबाइल नवऱ्याच्या नावावर असतो, ओटीपी येतो तो मुंबईतल्या मुलाला, आणि तो मीटिंगमध्ये असतो. मग मी सगळी घरं दुकानाच्या एकाच खात्यात घेतली. घरच्यांच्या मोबाइलला तिथून परवानगी द्यायची आणि दुकानाचा हात आत ठेवायचा. पाच मिनिटांत काम. पुढं कधी गिऱ्हाइकाचा फोन आला, "ताई, पाणी तापंना," की मी दुकानात बसल्या बसल्या बघायचे, दोन बटणं दाबायचे आणि म्हणायचे, "बघा आता." तिकडून आवाज यायचा, "आयला, झालं की!" त्या एका वाक्यासाठी मी जेवण सोडलं असतं.

खात्यात प्रत्येक गिझराला नाव द्यावं लागतं. मी गाव, घराची खूण आणि शेजारी गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर लिहायचे. नीटनेटकं काम. पासवर्ड दुकानातल्या कॅलेंडरवर, दुधाच्या खाड्यांच्या चौकटीखाली, स्केचपेननं लिहिलेला असायचा, कारण फिटरांनाही लागायचा. दर जानेवारीत जुन्या कॅलेंडरवरून नव्या कॅलेंडरवर तो मीच उतरवायचे. अक्षर माझं चांगलं आहे.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं सांगण्यात अर्थ नाही. दुपारी चहाच्या वेळी मी ती यादी उघडून बघत बसायचे. सत्तरेक घरं. कुणाचा गिझर किती वाजता चालू झाला, किती वेळ चालला. एखाद्या घरात तो दिवसातून सहा वेळा लागला की समजायचं, पाव्हणे आलेत. चार दिवस बंद, म्हणजे गावाला गेले. एका घरात दुपारी बारालाही पाणी तापायला लागलं, तेव्हा मी ओळखलं की लेक बाळंतपणाला माहेरी आली. त्या घरच्या बाई नंतर दुकानात आल्या तेव्हा मी म्हणाले, "काय काकू, नातू का नात?" त्या चकित झाल्या. "तुला गं कसं कळलं?" मी हसले, त्याही हसल्या. मला वाटलं, याला जिव्हाळा म्हणतात.

एका सकाळी साडेदहाला उंब्रजच्या एका घरून, शेजारणीच्या मोबाइलवरून, फोन आला. मी दुकानात होते. बाई माझ्याच वयाची. तिचा नवरा फौजेत, वर कुठंतरी बर्फात. घरी ती आणि सासू. गिझर नवऱ्यानंच बसवून घेतलेला. ड्युटी नसली की तो तिकडून मोबाइलवर बटण दाबायचा आणि उंब्रजमध्ये आईसाठी नि बायकोसाठी पाणी तापायचं. जोडून दिलं त्या दिवशी सासूनं गिझरावरून हात ओवाळून बोटं मोडली होती.

"ताई, तुमी एकदा या," ती म्हणाली. आवाज अगदी खाली. "त्या गिझरात जे बसवलंय ते काढून न्या."

"काय बसवलंय वहिनी?"

"कॅमेरा."

मी हसले. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी मी एसटीनं कराड, तिथून उंब्रज असं गेले. परसात जुना तांब्याचा बंब घासून पेटवलेला होता. धुराच्या बाजूला दोरीवर साडी टाकून आडोसा केलेला. न्हाणीघरात गेले तर गिझरावर जुनी चादर गुंडाळलेली, वरच्या झरोक्यात वर्तमानपत्राचे बोळे कोंबलेले, साबण वाळून भेगाळलेला. आठ दिवस त्या खोलीत कुणी अंघोळ केली नव्हती.

सासू शेजारी गेल्या होत्या. वहिनीनं दाराला कडी घातली आणि सांगितलं.

दहा-बारा दिवसांपूर्वी अनोळखी नंबरावरून फोन आला. पुरुषाचा आवाज. नाव नाही, गाव नाही. एवढंच म्हणाला, "आज अंघोळीला उशीर झाला वाटतं?" तिला वाटलं, नवराच. तो असा कुणाच्याही फोनवरून करायचा, रेंज मिळेल तसा. आणि पाणी कधी तापतं हे त्याला दिसायचंच. म्हणून ती हसली. म्हणाली, "व्हय की, तुमी न्हाई तर कोन उठवनार?" तिकडून माणूस हसला. ते हसणं नवऱ्याचं नव्हतं.

"आत्या सैपाकघरात हुत्या," ती सासूबद्दल म्हणाली. "त्यांनी माझं हसणं आयकलं. इचारलं, कोन गं? मी म्हनलं, कोन न्हाई."

दोन दिवसांनी परत. "आज दोनदा पाणी तापवलंस." तिनं त्या दिवशी केस धुतले होते. तिसऱ्यांदा फोन आला तेव्हा तिनं काही न ऐकता कापला आणि मोबाइल बंद करून डब्यात ठेवला. मग नवऱ्याचा फोन लागेना. त्यानं आईच्या फोनवर लावला. आई म्हणाली, "तिचा बंद हाय. का ते तिलाच इचार."

"आता आत्या बोलत न्हाईत माज्याशी," वहिनी म्हणाली. "भाकरी वाढली तर ताट सरकवत्यात. ताई, मला कुणी बघितलं असंल तर सांगा, पन आदी हे सांगा, कुटनं बघितलं?"

मी स्टुलावर चढले. चादर काढली, गिझराचं झाकण उघडलं, तिला एकेक भाग दाखवला. ही तार, हा थर्मोस्टॅट, ही एवढीशी वाय-फायची चकती. "कॅमेरा नाही. शपथेवर सांगते, नाही. तुम्हाला कुणीही बघितलेलं नाही." तिचा चेहरा सुटला. भिंतीला टेकून ती खाली बसली. मला वाटलं, झालं काम.

तेवढ्यात ती म्हणाली, "मग त्याला कळलं कसं?"

मी झाकणाचा स्क्रू फिरवत होते. तो तसाच सोडला. खिशातला मोबाइल काढला आणि दुकानाचं खातं उघडलं. 'उंब्रज, फौजींचा बंगला', पुढं तिचा नंबर, माझ्या नीटनेटक्या पद्धतीनं लिहिलेला. खाली रोजच्या वेळा. सहा बारा. सात चाळीस. आणि त्या दोनदावाल्या दिवशीच्या दोन ओळी. त्या खात्यात एक पान असतं, हे खातं कुठल्या कुठल्या मोबाइलवर उघडं आहे ते दाखवणारं. इतक्या वर्षांत मी ते कधी उघडलं नव्हतं. तिथं उभी राहून उघडलं.

अकरा फोन.

एक माझा. एक मालकांचा. दोन आमच्या आत्ताच्या फिटरांचे. उरलेले सात कुणाचे, मला माहीत नव्हतं. नुसती कंपन्यांची नावं आणि मॉडेल. त्यातले तीन त्याच आठवड्यात उघडले गेले होते.

मी काय केलं सांगू? मी म्हणाले, "वहिनी, सेटिंगचा काहीतरी घोळ आहे. दुकानातून करते." चहासुद्धा घेतला नाही. एसटीत खिडकीला डोकं लावून बसले आणि कराडपर्यंत माणसं आठवत राहिले. नऊ वर्षांत किती फिटर आले, किती गेले. कुणी भांडून गेला, कुणी लग्न झालं म्हणून, कुणाला चांगली नोकरी लागली. सगळ्यांना कॅलेंडर माहीत. त्यांनी आणखी कुणाला सांगितलं असेल, तेही मोजायला जागा नाही. आणि कॅलेंडर तर गिऱ्हाइकाच्या बाकासमोरच टांगलेलं.

बसमध्ये आणखी एक वाक्य डोक्यात आलं आणि गेलंच नाही. "काय काकू, नातू का नात?" त्या माणसानं फोनवर जे केलं ते त्याच्या आधी मी केलं होतं. मी बाई होते, ओळखीची होते, हसून बोलले, म्हणून ते खपून गेलं.

दुकानात पोचल्या पोचल्या पासवर्ड बदलला, सगळे फोन बाहेर काढले, कॅलेंडर फाडलं. मालकांना सांगितलं. ते म्हणाले, "बदललास न्हवं? मग झालं. आता तिकडं जाऊन कशाला पेटवतीस? एकाला कळलं की सत्तर घरं दारात येतील. तू शिकलेली हायस, समजून घे."

शिकलेली आहे म्हणून गप्प बसायचं, हे मला पटण्यासारखं नव्हतं. पण भीती एवढी होती की दोन दिवस पटलं. नोकरी जाईल ही भीती होतीच. सगळ्यांत मोठी भीती वेगळीच होती. लोक म्हणतील, धनगराची पोर, हिला कशाला एवढं मोठं काम दिलं.

त्या दोन दिवसांत वडील सारखे डोळ्यांपुढे येत होते. आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. आकडा तोंडातून गेला की कळपाला नजर लागते, असं मानतात. संध्याकाळी मेंढरांच्या वाडग्याच्या, म्हणजे कुंपणाच्या, तोंडाशी वडील उभे राहायचे आणि एकेकीचं तोंड बघून आत घ्यायचे. एखादी कमी असली तर नुसतं म्हणायचे, "ती कानफाटी कुटं हाय?" शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलवायचे, तेव्हा हमखास विचारायचे, "किती हायत?" वडील कधीच आकडा सांगायचे नाहीत. म्हणायचे, "तुमचं हे रान दोन राती बसून भरंल, एवढी हायत." शेतकऱ्याला तेवढंच हवं असायचं. कॉलेजात असताना मी या गोष्टीवर मैत्रिणींना हसवलं होतं. अडाणीपणा म्हणून.

आता मला दिसत होतं की ज्याला जेवढं लागतं तेवढंच वडील सांगायचे. गिझर बिघडलाय का, एवढंच मला लागत होतं. बाई किती वाजता न्हाली, हे मला कधीच लागत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी वहिनीचा फोन आला, पुन्हा शेजारणीच्या मोबाइलवरून. "ताई, आत्यांनी त्यांच्या भावाला बोलवलंय. परवा बैठक हाय. मला माहेरी घालवायचं बोलत्यात."

मी मालकांना म्हणाले, "उद्या रजा." ते म्हणाले, "जाऊन येनार असशील तर इचार करून जा." मी म्हणाले, "केलाय."

या वेळी सासू घरातच होत्या. पडवीत बसून तांदूळ निवडत होत्या. वहिनी आतल्या दारात उभी. मी आजींच्या समोर खाली बसले. दोन वाक्यं पाठ करून आले होते. तिथं बसल्यावर दोन्ही विसरले.

"आजी, तुमच्या सुनेची काही चूक नाही. चूक माझी आहे."

त्यांनी मान वर केली नाही. "तू कशाला तिची कड घेतीस?"

"कड नाही घेत. ऐका. हा गिझर पाणी कधी तापलं ते लिहून ठेवतो. लिहिलेलं कंपनीच्या मशिनीत जातं, लांब कुठंतरी. ज्याच्याकडे किल्ली, त्याला ते घरबसल्या दिसतं. तुमच्या घराची किल्ली मी दुकानाच्या भिंतीवर लिहून ठेवली होती. कुणीतरी ती उचलली. त्यानं फोन केला. वहिनींना वाटलं, तुमचा मुलगा बोलतोय. म्हणून त्या हसल्या."

आजींचा हात तांदळात थांबला. "म्हंजी मी कवा न्हाते, ते बी दिसतं?"

"दिसत होतं."

"त्या मानसाला?"

"हो."

"तुला बी?"

"मला बी."

"तू बघितलंस?"

मला 'नाही' म्हणता आलं असतं. कुणीही धरलं नसतं. "बघायचे," मी म्हणाले.

आजी माझ्याकडे बघत राहिल्या. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी पदर खांद्यावरून पुढं ओढून घेतला, घट्ट, जणू मी त्यांच्या न्हाणीघरात उभी आहे. सत्तरीची बाई. तो पदर ओढणं मला अजून झोपेत दिसतं.

मग त्या सुनेकडे वळल्या. "आन् तू पंधरा दिस तोंड शिवून बसलीस व्हय गं? बोलायचं न्हाईस?"

"तुमी आयकलं असतं का आत्या?"

आजींनी सूप बाजूला ठेवलं, कमरेची पिशवी सोडून मोबाइल काढला, डोळ्यांजवळ धरून नंबर लावला. "दादा, उद्या येऊ नगंस. न्हाई, काय न्हाई. माजंच चुकलं हुतं." फोन ठेवला आणि मला म्हणाल्या, "आता तुजं नाव काढ त्यातनं. हितं. माज्याम्होरं."

मी वहिनीचा मोबाइल डब्यातून आणायला लावला. तिच्या नंबरावर तिचं खातं काढलं. ओटीपी तिलाच आला, पासवर्ड तिनं आमच्याकडे पाठ फिरवून टाकला. फौजींना तिच्या खात्यातून परवानगी द्यायची का, असं मी विचारलं. ती सासूकडे बघून म्हणाली, "द्या की, पाणी तर त्योच तापवतोय," आणि कितीतरी दिवसांनी हसली. मग मी दुकानाचं नाव काढायचं बटण दाबलं. माझ्या मोबाइलवरून 'उंब्रज, फौजींचा बंगला' ही ओळ गेली. आजींनी तो माझ्या हातातून घेऊन स्वतः खालीवर बघितला. वाचता येत नाही त्यांना. तरी बघितला.

पुढं फौजींनी तक्रार दिली. नंबर दिला. सिम भलत्याच कुणाच्या नावावर निघालं आणि ते त्या माणसाला माहीतही नव्हतं. तो कोण, हे आजवर कळलेलं नाही. जुने फिटर रस्त्यात भेटतात, "ताई, बरं हाय का?" विचारतात, आणि मी त्यांच्या हातातल्या फोनचं मॉडेल बघते. सहा माणसं निर्दोष असतील. सातही जणांकडे मी तसंच बघते. माझ्या स्वतःच्या बाथरूमच्या गिझरचं वाय-फाय मी काढून टाकलंय, तरी बटण दाबताना क्षणभर कान दाराकडे जातात.

बाकीच्या घरांतून दुकानाचं नाव काढायला मला दोन महिने लागले. दारात उभी राहून सांगायचे, माझी चूक झाली. कुणी पाणी दिलं, कुणी दार लावून घेतलं. ज्यांना 'नातू का नात' विचारलं होतं त्या काकू म्हणाल्या, "म्हणजे तेव्हा तू बघत होतीस होय?" आणि आता त्या दुसऱ्या दुकानात जातात. मालकांनी मला काढलं नाही, पण 'ग्रॅज्युएट' म्हणायचं सोडलं. आता पाऊण तास लागला तरी मी प्रत्येकाचं वेगळं खातं काढते. बिघाड झाला तर गिऱ्हाईक मला पंधरा मिनिटांपुरती परवानगी देतं. तीत बिघाडाचा आकडा तेवढा दिसतो, वेळा दिसत नाहीत. ही सोय पहिल्या दिवसापासून कंपनीच्या त्या पुस्तकात होती.

यंदाच्या थंडीत उंब्रजहून फोन आला. "ताई, पाणी तापंना."

"लाल दिवा लागतोय का?"

"तुमाला दिसत न्हाई?"

"नाही वहिनी."

"खरंच न्हाई?"

"खरंच."

ती म्हणाली, "बरं, सांगते," आणि न्हाणीघरात जाऊन दिवा बघायला लागली. मागून आजींचा आवाज आला, "कोन हाय गं फोनवर?"

"दुकानातल्या ताई हायत, आत्या."

"बाईच हाय न्हवं?"

"व्हय."

"नीट आयकलंस न्हवं?"

मी दुकानात उभी होते, समोर गिऱ्हाइकं होती. तरी मी मोठ्यानं ओरडून म्हणाले, त्यांना तिथवर ऐकू जावं म्हणून, "आजी, मी हाय! मीच हाय!"